प्रतिसाद: स्कॉटलंडमध्ये तळ्याकाठी तंबू

वर एकांनी लिहिलंय की स्कॉटलंडमध्ये लॉखच्या, म्हणजे तळ्याच्या, काठी तंबू ठोकायला बंदी आहे, त्यामुळे सायकलवाल्याला रोज हॉटेल गाठावंच लागतं. खरं तर ही बंदी फक्त लॉख लोमंड आणि ट्रॉसॅक्स राष्ट्रीय उद्यानाच्या काही पट्ट्यांत आहे, तीही मार्च ते सप्टेंबर, आणि तिथेसुद्धा परवाना काढून राहता येतं. बाकी हायलँड्समध्ये (उत्तरेकडच्या डोंगराळ भागात) 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने फिरायचा आणि मुक्काम करायचा हक्क दिलाय, अगदी खाजगी जमिनीवरही. त्यात सायकल येते, मोटारसायकल येत नाही. म्हणून तर ग्लेन अ‍ॅफ्रिकसारख्या दरीत डांबरी रस्ता संपला तरी आपली वाट संपत नाही. लॉख अ‍ॅफ्रिकच्या दक्षिण काठाने जुन्या पाइनच्या झाडीतून खडीचा रस्ता जातो. त्याच्याही पुढे आल्टबे हॉस्टेल आहे. तिथे फक्त पायी किंवा सायकलनेच पोचता येतं, आणि आपला कचरा आपणच परत न्यायचा.

खरा त्रास मिज नावाच्या चिलटांचा, आणि तो इथे कुणीच लिहिला नाही! जून ते सप्टेंबर, वारा पडलेल्या दमट संध्याकाळी सायकल थांबवायचा अवकाश, कानात, भुवयांत, हेल्मेटच्या पट्ट्याखाली शिरतात. थोडा वारा असला की मात्र त्यांना उडता येत नाही. तेव्हा झाडीतली आडोशाची जागा कितीही सुंदर दिसली तरी सोडा आणि पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या उघड्या टोकावर तंबू लावा. डोक्यावरची जाळी पॅनियरच्या (चाकाशेजारी लटकवायच्या पिशवीच्या) तळाशी नको, हँडलबारच्या पिशवीत ठेवा.