रि: रि: कँकामॅगस ट्रिप, कारपूल फॉर्ममधलं सहावं वाक्य

प्रेषक: बाळ (ट्रिप कमिटी)

नमस्कार मंडळी,
न्यू हॅम्पशायरमधल्या कँकामॅगस रस्त्यावरच्या ट्रिपला कोण कुणाच्या गाडीतून येणार त्याचा, म्हणजे कारपूलचा फॉर्म आज रात्रीपर्यंत हवाय, अजून 11 जणांचा आलेला नाही. अण्णांचा आलाय पण सहाव्या वाक्यावर काट मारून. ते वाक्य असं: "कायद्यानुसार गाडीतल्या सर्वांनी, मागे बसणाऱ्यांनीही, सीटबेल्ट लावणे बंधनकारक आहे." नाशुआच्या पार्क अँड राइडवरून येणारे सगळे अण्णांच्या सात सीटवाल्या गाडीच्या भरवशावर आहेत, तेव्हा हे आजच मिटलं पाहिजे. अण्णा, काय अडचण आहे ते इथेच लिहा म्हणजे मला दहा जणांना फोन करायला नकोत. ऐन पानगळीच्या लाँग वीकेंडला शनिवारी सकाळी दुसरी गाडी मिळणार नाही.
आणि पोहे कोण करतंय?
बाळ

---

प्रेषक: अण्णा (नाशुआ)

बाळ, अडचण एवढीच की ते वाक्य खोटं आहे आणि खोट्या वाक्याखाली मी सही करणार नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये 18 च्या पुढच्या माणसाला सीटबेल्टचा कायदा नाही. पन्नास राज्यांत हे एकच राज्य असं राहिलंय. 18 च्या आतल्यांना आहे, आणि त्यांची जबाबदारी ड्रायव्हरवर, ते मी मान्य करतो आणि पाळतो. पण नाशुआ ते लिंकन, पुढे कॉनवे, माझ्या गाडीचा सगळा रस्ता न्यू हॅम्पशायरमधला. मग "कायद्यानुसार" कुठल्या कायद्यानुसार?

आता कुणी म्हणेल अण्णा बेल्टच्या विरोधात आहेत. मी 1991 पासून या देशात गाडी चालवतोय आणि बेल्ट न लावता गॅरेजमधून गाडी बाहेर काढलेली नाही. माझा विरोध सक्तीला आहे. मोठ्या शहाण्या माणसाने स्वतःच्या जिवाचं काय करावं हे त्याला पोलिसाने सांगू नये, असं मला मनापासून वाटतं. इथे मोटरसायकलवाल्या मोठ्या माणसांना हेल्मेटचीही सक्ती नाही. आमच्या विधिमंडळात सीटबेल्टचं बिल आजवर बऱ्याचदा आलं आणि पडलं, पाडणारे काही वेडे नव्हते. आणि बेल्टचं निमित्त करून कुणाची गाडी बाजूला घेतली जाते, कुणाची नाही, हे आपल्या रंगाच्या माणसांनी तरी विसरू नये.

अण्णा

---

प्रेषक: ताई (खजिनदार)

अण्णा, तो फॉर्म मी केलेला आहे, तीन वर्षं तोच चालतोय, अकेडियाच्या ट्रिपनंतर काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आठवत असेलच, त्यानंतरच केला. तेव्हा कुणी वाक्यं तपासली नाहीत. आपलं मंडळ मॅसॅच्युसेट्समध्ये नोंदलेलं, चाळीसपैकी तीस घरं इथली, म्हणून फॉर्म इथल्या कायद्याप्रमाणे आहे. इथे पुढे मागे सगळ्यांना बेल्ट लागतो, दंड डोईला 25 डॉलर.

पोलिसांबद्दल तुम्ही लिहिलंत ती काळजी खरी आहे पण तिचा विचार इथल्या कायद्यात झालेला आहे. नुसता बेल्ट लावला नाही म्हणून इथे गाडी थांबवता येत नाही, आधी दुसरं काहीतरी कारण लागतं. आणि हा कायदा काही कुणी वरून लादलेला नाही. 1986 च्या सुरुवातीला तो लागू झाला, जेरी विल्यम्स म्हणून बॉस्टनचा रेडिओवाला होता त्याने रान उठवलं, आणि त्याच नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून कायदा रद्द केला. तुमच्यासारखंच म्हणणं होतं सगळ्यांचं. मग 1994 मध्ये परत आणला, परत मतदान झालं, आणि या वेळी लोकांनी ठेवला. त्याच राज्यातले लोक, आठ वर्षांत मत बदललं. मी 1994 ला इथे नवीन होते, आमच्या ऑफिसात यावरून दोन गट पडलेले मला आठवतात.

फॉर्ममधलं काही बदलायचं तर कमिटीत ठराव करून बदला, परस्पर काट मारून पाठवू नका एवढीच विनंती.
ताई

---

प्रेषक: नाना (सध्या मुक्काम मुलाकडे, मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर)

अण्णांनी हेल्मेटचं काढलं म्हणून लिहितो. मी पुण्याचा, हेल्मेटसक्तीच्या विरोधात आमच्याकडे जेवढी आंदोलनं झाली त्यातल्या दोन मोर्चांत मी स्वतः चाललोय. आमचं म्हणणं तेव्हा हेच होतं की आधी रस्ते नीट करा मग डोक्याचं बोला, गावात तीसच्या वेगाने जाणाऱ्याला हेल्मेट कशाला. माझे शेजारी, बँकेतून रिटायर झालेले, मोर्चात माझ्या बाजूला होते. कोपऱ्यावर दूध आणायला गेले आणि वाळूवरून गाडी घसरली, वेग वीसचा पण नसेल. सोळा दिवस कोमात होते. गेले. त्यांच्या मिसेसने मला कधी काही म्हटलं नाही पण त्यानंतर मी मोर्चाला गेलो नाही. रस्ते नीट करा हे मी आजही म्हणतो. ते आणि हे एकाच वेळी म्हणता येतं हे मला उशिरा कळलं.

मुलीकडे मेलबर्नला जातो तिथे 1970 पासून बेल्टचा कायदा आहे, व्हिक्टोरिया राज्याने जगात पहिल्यांदा केला म्हणतात. तिकडे यावर कुणी वाद घालताना मी पाहिलं नाही.
नाना

---

प्रेषक: बंटी (लोवेल)

कायदा कुठला ते कृपया नक्की सांगा कारण माझी अडचण खरोखरची आहे. मुलगी साडेसात वर्षांची, उंची 50 इंच. मॅसॅच्युसेट्समध्ये आठ वर्षांपर्यंत किंवा 57 इंच होईपर्यंत बूस्टर, म्हणजे मुलांना उंच बसवणारी जादा बैठक, लागतो. न्यू हॅम्पशायरमध्ये सात पूर्ण झाली की नुसता बेल्ट चालतो. मी लोवेलहून निघणार, पंधरा-वीस मिनिटांत बॉर्डर. बूस्टर ठेवला तर मागे मध्ये नीट कुणी बसू शकत नाही, काढला तर अजून एक जण मावतो. कमिटीने मला मागे तीन दिलेत.

---

प्रेषक: माई (वूस्टर)

बंटी, बॉर्डर ओलांडल्यावर पोरीची हाडं बदलत नाहीत. बूस्टर राहू दे. एवढ्या उंचीला खांद्याचा पट्टा गळ्यावर येतो आणि कमरेचा पोटावर चढतो, जोरात ब्रेक लागला तर आतली इजा त्यानेच होते. 57 इंच म्हणतात ते त्यासाठी, पट्टा खांद्याच्या मध्यावर आणि कमरेच्या हाडावर बसायला लागतो. आणि पहाटे थंडी असेल, जाड फुगीर जाकीट घालून तिला बांधू नकोस, पट्टा घट्ट वाटतो पण आत नुसती हवा असते. जाकीट काढायचं, पट्टा लावायचा, मग वरून पांघरूण.

अण्णा, तुमच्या मताचा मान ठेवून लिहिते. मी 1983 ला इंग्लंडात, लेस्टरला नर्स होते. 31 जानेवारीला तिकडे पुढच्या सीटचा कायदा लागू झाला. त्याआधी वर्षानुवर्षं टीव्हीवर सांगून झालं होतं, बेल्ट गाडीत होतेच, 1959 पासून तो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वोने काढलेला आणि पेटंट सगळ्यांना खुलं केलेलं. तरी लावणारे निम्म्याहून कमी. कायदा आला आणि थोड्याच दिवसांत जवळजवळ सगळे लावायला लागले. मी डोळ्यांच्या वॉर्डात होते. तोपर्यंत शनिवारी रात्री समोरच्या काचेवर तोंड आपटलेली तरुण मुलं यायची, बुबुळात काच. टाके घालायला डॉक्टर दोन दोन तास बसायचे आणि बऱ्याचदा डोळा जायचाच. त्या वर्षी ती मुलं यायची कमी झाली. हळूहळू नाही, एकदम. ती मुलं अडाणी नव्हती हो अण्णा, बेल्टने जीव वाचतो हे त्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि हात पट्ट्याकडे जाणं यात अंतर असतं, ते कायद्याने मिटवलं.

मागच्या सीटला मोठ्यांसाठी तिकडे 1991 उजाडलं. मागे बसलं की सुरक्षित हा समज तिकडेही होता, आपल्याकडे तर आहेच.

साडी नेसणाऱ्यांसाठी: पदर आधी घट्ट खोचून घ्या, पट्टा निऱ्यांच्या वर पोटावर नको, खाली मांड्यांच्या सुरुवातीला हाडावर. खांद्याचा पट्टा टोचतो म्हणून काखेखालून घेऊ नका, बरगड्या मोडतात.
माई

---

प्रेषक: धाकटा (बॉस्टन)

मी लिस्टवर सहसा लिहीत नाही, मंडळात सगळ्यात लहान मीच असेन, पण हे लिहायलाच पाहिजे असं वाटलं म्हणून लिहितोय, चुकलं तर माफ करा.

माझं घर वसईचं. 4 सप्टेंबर 2022 ला सायरस मिस्त्रींची गाडी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर आदळली तो रस्ता आमच्या रोजच्या जाण्यायेण्याचा. चौघं होते. मागचे दोघे गेले, पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. मर्सिडीज होती, गाडीत काही कमी नव्हतं. मागच्या बेल्टचा नियम आपल्याकडे आधीपासून होता आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड हजार रुपये होता, पण मला बावीस वर्षांत मागे बसून कुणी बेल्ट लाव म्हटलं नव्हतं. आमच्या स्वतःच्या गाडीत मागची बकलं सीटकव्हरच्या खाली गेलेली. टॅक्सीत विचारलं तर ड्रायव्हर म्हणायचा मागे लागत नाही. त्या नोव्हेंबरात मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही सक्ती जाहीर केली तेव्हा बाबांनी कव्हर कापून बकलं वर काढली, मी टॉर्च धरला होता. हे त्यांना आधीही करता आलं असतं. दंडाची बातमी आल्यावर केलं.

आणि नुसती जाहिरात पुरत नाही हेही बघितलंय, बेल्ट लावला नाही म्हणून गाडी वाजते ती वाजू नये म्हणून नुसती क्लिप विकायचे, लोक ती खोचून बेल्टशिवाय बसायचे. 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना आदेश दिले आणि तेरा हजारांच्या वर अशा वस्तू काढायला लावल्या.

आता खरं सांगायचंय ते. गणपतीला अण्णांच्या गाडीतून मी आलो होतो, सगळ्यात मागे, माझ्या डावीकडे मावशी. त्यांचं बकल क्लिक होत नव्हतं. दोनदा करून बघितलं आणि मग त्या पट्टा नुसता हातात धरून बसल्या, हॉलपर्यंत, तासभर, रूट 3 वर, पावसात. मला दिसत होतं. मी बोललो नाही. अण्णा एवढ्या प्रेमाने सगळ्यांना घेऊन येतात, त्यांच्या गाडीत बसून त्यांच्या गाडीची चूक कशी काढायची, आणि मावशींना वाटेल हा पोरगा शिकवायला लागला. मी माझा बेल्ट लावून त्यांच्या शेजारी बसलो होतो.

म्हणून मला कायदा हवाय. पोलिसासाठी नाही. मोठ्यांना लहानाने सांगायची आपल्याकडे सोय नसते, "मावशी, कायदा आहे हो" एवढं म्हणता आलं तर कुणाचा अपमान होत नाही. आणि अण्णा, स्वतःच्या जिवाचं स्वतः बघावं म्हणता, पण मागचा माणूस बांधलेला नसेल तर धडकेत तो पुढच्याच्या पाठीवर जातो. त्या दिवशी मावशींच्या पुढे शाळेतली मुलगी बसली होती.

---

प्रेषक: अण्णा (नाशुआ)

बकलचं मला माहीत होतं. दीड वर्ष झालं. तिथे कुणाला बसवायचं नाही असं ठरवून ठेवलं होतं आणि गणपतीला माणसं वाढली तेव्हा विसरलो. मावशींनी मला काहीच सांगितलं नाही. मी आत्ता त्यांना फोन केला, त्या म्हणाल्या तुम्हाला कशाला उगीच घोर.

धाकट्या, तू लिहिलंस ते बरं केलंस. तिथल्या तिथे सांगितलं असतंस तरी मी रागावलो नसतो, पण तुला तसं वाटलं हे मी समजू शकतो.

सक्तीबद्दलचं माझं मत एका मेलने बदलणार नाही. पोलिसाच्या हातात अजून एक कारण देणं मला आजही पटत नाही, मॅसॅच्युसेट्ससारखं असेल तर मग विचार करता येईल. पण माझी गाडी म्हणजे राज्य नाही. माझ्या गाडीत बेल्ट लावल्याशिवाय कुणी बसणार नाही, मोठा असो लहान असो, हे मी सही करून देतो. फक्त "कायद्यानुसार" काढा. "मंडळाच्या नियमानुसार" लिहा, ते खरं आहे. आणि गाडी सहाची धरा, शनिवारच्या आत बकल बदलून मिळत नाही, गॅरेजवाला म्हणतो पार्ट मागवावा लागेल, आठवडा लागेल.

---

प्रेषक: ताई (खजिनदार)

"मंडळाच्या नियमानुसार" लिहायला माझी हरकत नाही, मात्र मग तसा नियम असायला हवा. कमिटीतल्या पाचपैकी चौघांचा होकार मला फोनवर मिळाला, पाचवे विमानात आहेत. मी फॉर्म बदलून परत पाठवतेय, ज्यांनी भरलाय त्यांनीही नवा भरा. ड्रायव्हरांनी निघण्याआधी प्रत्येक बकल स्वतः लावून बघायचं हे सातवं वाक्य म्हणून घातलंय.

---

प्रेषक: बंटी (लोवेल)

बूस्टर ठेवतोय. म्हणजे मागे दोघंच, तिसऱ्यांचं काय?

---

प्रेषक: बाळ (ट्रिप कमिटी)

अण्णांची गाडी सहा, बंटीची मागे दोन. म्हणजे दोन माणसं बिनगाडीची राहिली, मावशी आणि बंटीकडचे एक जण. नाना, तुमच्या मुलाची गाडी मँचेस्टरहून तशीही 93 नंबरच्या हायवेने वर जाणार, त्यात दोन जागा आहेत का ते त्याला विचारून आज रात्री कळवाल का? नाशुआहून मावशींना तिथपर्यंत मी सोडतो. बकलं बघून घ्यायला सांगा.

पोह्यांचं अजून कुणीच बोललेलं नाही.