चुकून पसरलेली आणि मुद्दाम पसरवलेली : दोन शब्द हवेत

शब्दखुळी
मतदार जागृतीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. एका तक्त्यात दोन रकाने आहेत, 'मिसइन्फर्मेशन' आणि 'डिसइन्फर्मेशन'. पहिल्यात माणूस खरं समजून खोटं पुढे पाठवतो, दुसऱ्यात खोटं आहे हे ठाऊक असून पाठवतो. मी 'अफवा' आणि 'कंडी' लिहिलं. संपादकांनी दोन्ही खोडून 'अपमाहिती' आणि 'दुर्माहिती' केलं. शेरा : 'कंडी गावंढळ वाटते.' आता या दोघींतली कुठली चुकून आणि कुठली मुद्दाम, ते मलाच आठवत नाही, वाचणाऱ्याला काय आठवणार! परवा द्यायचंय. सुचवा.

तिरकस
कंडी गावंढळ? मग 'पिकवणे' कुठे नेऊन टाकायचं? कंडी पिकवतात, आवई उठवतात, वावडी उडवतात, हूल देतात, भुमका उठतो. एवढं पीक घरात असताना 'अप' आणि 'दुर्' जोडून माल तयार करायची हौस कशाला?

जुनीपाटी
हौस नाही, गरज. 'महापौर' आणि 'दिनांक' सावरकरांनी दिले, तेव्हा तेही लोकांना कृत्रिमच वाटले असतील. आज कुणाच्या जिभेला टोचतात? शिवाय तुमची 'अफवा' तरी कुठली घरची? अरबी 'अफवाह', म्हणजे 'तोंडं'. तोंडाचं अनेकवचन.

तिरकस
म्हणूनच तर ती चपखल आहे! एका तोंडाची अफवा होत नाही.

मधलीसुट्टी
मला वाटतं प्रश्नच जरा उलटा पकडलाय. इंग्रजीने हेतू नामात भरलाय, आपण तो क्रियापदात ठेवतो. दिशाभूल 'होते' आणि दिशाभूल 'करतात'. आवई 'उठते' आणि 'उठवतात'. नाम तेच, 'व' आला की करणारा दिसायला लागतो. रकान्यांना 'पसरलेलं खोटं' आणि 'पसरवलेलं खोटं' म्हणा की.

शब्दखुळी
सुंदर आहे, पण एका अक्षराचा फरक मुद्रितशोधनात टिकायचा नाही. 'व' गळला की सगळे निर्दोष सुटले.

जुनीपाटी
तसंही, चुकून पसरणारं काय कमी घातक असतं? डिक्शनरी डॉट कॉमने २०१८ चा शब्द निवडताना 'मिस'वालाच घेतला, 'डिस'वाला जाणूनबुजून बाजूला ठेवला. त्याच वर्षी 'सायन्स' नियतकालिकात ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास आला होता. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि तो फरक यंत्राने चालणाऱ्या खात्यांमुळे (बॉट) नव्हे, माणसांमुळे होता. कंडी एकजण पिकवतो, वाहतात आपलेच.

आत्याबाईंचा भाचा
यावरून आठवलं. आमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'उद्या मतदानाची वेळ बदलली म्हणे.' दुपारी तेच वाक्य दुसऱ्या ग्रुपवरून माझ्याकडे परत आलं : 'उद्या मतदानाची वेळ बदलली!!' म्हणे गेलं, दोन उद्गारचिन्हं आली. आत्याला विचारलं तर ती ठाम, 'मी म्हणे लिहिलं होतं.' खरंच लिहिलं होतं. तिच्या हिशेबाने ती खोटं बोललीच नव्हती.

मधलीसुट्टी
वा. 'म्हणे' ही आपली जुनी पावतीच आहे, माल माझा नाही, मी फक्त पोचवतोय. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये 'फॉरवर्डेड'चा शिक्का आणला तो म्हणजे यांत्रिक 'म्हणे'. २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. पण मजकूर उचलून नव्याने चिकटवला की शिक्का गायब. आत्याच्या 'म्हणे'सारखाच.

ढकलचंद
फॉरवर्डला ईमेलच्या काळात 'ढकलपत्र' म्हणायचो, तो शब्द कुणी मारला? एकच घोळ आहे. मी एकदा लिहिलं, 'मंडळाच्या निवडणुकीचा निरोप पुढे ढकललाय.' तासाभरात तिघांचे फोन, निवडणूक पुढे ढकलली का? मग 'निवडणूक पुढे ढकललेली नाही' हा निरोप पुढे ढकलावा लागला.

तिरकस
यात अपमाहिती कुठली आणि दुर्माहिती कुठली, जुनीपाटींनी सांगावं.

जुनीपाटी
जल्पकांना उत्तर देत नाही.

तिरकस
'ट्रोल'ला जल्पक म्हणणंच मुळात चूक. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे वाद, जल्प, वितंडा असे तीन प्रकार. जल्प करणारा छळकपट करतो, पण त्याला स्वतःची बाजू असते आणि ती जिंकायची असते. वितंडा करणाऱ्याला बाजूच नसते, तो फक्त समोरच्याची मोडतो. ट्रोल तो. 'वितंडक' म्हणा हवं तर.

मधलीसुट्टी
पण पक्षांसाठी टोळीने काम करणारे असतात, त्यांना बाजू असते की. ते जल्पकच ठरतात. फुकट भांडणारा वितंडक, पगारी तो जल्पक?

आत्याबाईंचा भाचा
आणि स्वतःच्या पक्षाचं पटत नसून पगारासाठी भांडणारा?

शब्दखुळी
पुस्तिका छापायला गेली. वाद मिटेना म्हणून संपादकांनी रकान्यांना 'प्रकार १' आणि 'प्रकार २' केलं. कंडी एका तळटीपेत वाचली, अवतरणचिन्हांत.

तिरकस
अवतरणचिन्हांत का? पाहुणी आहे का ती?