बीआरटीचं स्टेशन रस्त्याच्या मध्ये घ्यावं की कडेला? (सोमवारी ज्युरी, लवकर सांगा)

अर्धवट_आराखडा
प्लॅनिंगचा स्टुडिओ प्रोजेक्ट आहे. उपनगरातून गावात आणि पुढे एमआयडीसीपर्यंत बीआरटी (वेगळ्या राखीव लेनमधून धावणारी जलद बस) आखायची आहे. रूट ठरलाय, ऑटोकॅडमध्ये सेंटरलाइन टाकून झाली. सर म्हणतात स्टेशन मध्ये घे, पार्टनर म्हणते कडेला. एका वाक्यात उत्तर चालेल. लेक्चर नको प्लीज.

वाळू_खडी
रस्ता किती रुंद? शहर कोणतं?

हडपसरचा_हरी
शहर कुठलंही असो, बीआरटी नको. पुण्याने २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसरवर देशातला पहिला प्रयोग केला, आम्ही आजही त्याच रस्त्यावर उभे आहोत. नगर रोडची मार्गिका २०१६ ला सुरू केली आणि मग उखडली. मेट्रो करा, विषय संपवा.

अर्धवट_आराखडा
नाशिक. नाशिकरोड स्टेशन, बिटको, उपनगर, द्वारका, शालिमार, सीबीएस, त्र्यंबक रोडने सातपूर. रुंदी ३० मीटरच्या आसपास.
हरीकाका, प्रोजेक्टचं नावच बीआरटी आहे, मेट्रो केली तर नापास होईन.

पंचवटीकर७
नाशिकला मेट्रो आलीच होती की! टायरवाली. २०२१ च्या बजेटमध्ये २,०९२ कोटी जाहीर झाले तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. पेढे पचले, खांब काही दिसले नाहीत. पोरा, शेअर रिक्षावाल्यांचं काय करणार ते आधी सांग. शालिमारला ते ज्या कोपऱ्यावर "नाशिकरोड, नाशिकरोड" ओरडतात तिथेच तुझं स्टेशन येणार.

वाळू_खडी
३० कुठे मोजला? टेपने की गूगलवर? आणि कंपाउंड ते कंपाउंड की नुसतं डांबर?

अर्धवट_आराखडा
गूगल अर्थवर. उपनगरजवळ.

वाळू_खडी
आणि शालिमारला?

साबरमती_सासुरवाशीण
मी मूळची नाशिकची, बारा वर्षं अहमदाबादेत. इथे २००९ मध्ये आरटीओ ते पिराणा सुरू झालं तेव्हापासून स्टेशन मध्येच. तिकीट आधी आत काढायचं, बसचा तळ आणि फलाट एका पातळीत, त्यामुळे सासूबाई गुडघे धरून का होईना पण पायरीशिवाय चढतात. मध्येच घे. डोळे मिटून.

हडपसरचा_हरी
डोळे मिटून रस्ता ओलांडायचा का? मध्ये स्टेशन म्हणजे प्रत्येक माणसाने जाताना अर्धा रस्ता, येताना अर्धा रस्ता ओलांडायचा.

साबरमती_सासुरवाशीण
काका, कडेला स्टॉप असला तरी एकदा पूर्ण ओलांडावाच लागतो की. सकाळी या बाजूने गेलात तर संध्याकाळी त्या बाजूला उतरता. बेरीज तीच, आणि मध्ये निदान थांबायला जागा मिळते.

वाळू_खडी
बाई बरोबर बोलतायत, फक्त एक गोष्ट राहिली. जनमार्गच्या, म्हणजे अहमदाबादच्या बीआरटीच्या, बसला दार उजवीकडे असतं. अर्धवट, तुझ्या बसला दार कुठल्या बाजूला?

अर्धवट_आराखडा
साध्या सिटीबसच धरल्यात. नवीन बस घ्यायचं बजेट नाही असं ब्रीफमध्येच आहे.

वाळू_खडी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं रे! डावं दार म्हणजे मधोमध एकच सामाईक फलाट बाद. माणसं उतरणार कुठे, समोरून येणाऱ्या बसपुढे?
लेक्चर नको म्हणालास, पण हिशेब ऐक. सामाईक फलाट असता तर: बसच्या दोन लेन ७ मीटर, फलाट ४, बाकी वाहनांना दोन्हीकडे दोन-दोन लेन मिळून १३, फूटपाथ अडीच-अडीच म्हणजे ५. झाले २९. तुझ्या ३० मध्ये कसंबसं बसतं, तेही रस्ता खरंच ३० असेल तर. मागच्या बसला पुढे जायला जादा लेन दोन्हीकडे दिलीस की ३६. कोलंबियातल्या बोगोटा शहराने तशी दिली म्हणून तिथे गर्दी खेचली जाते. हुबळी-धारवाडलाही दिलीय.
डाव्या दारासाठी दोन वेगळे फलाट लागतील, प्रत्येकी ३ मीटर. समोरासमोर ठेवलेस तर ३१, म्हणजे गेलं. चौकाच्या एका बाजूला जाणारा आणि दुसऱ्या बाजूला येणारा ठेवलास तर एका जागी एकच फलाट पडतो, २८ मध्ये काम होतं. बसची लेन मात्र रस्त्याच्या मध्येच, फलाट तिच्या डाव्या हाताला बेटासारखा. म्हणजे सरही बरोबर आणि पार्टनरही.

अर्धवट_आराखडा
मग लेनच कडेला नेली तर? फूटपाथच स्टॉप होईल, फलाटाचा खर्च नाही.

पंचवटीकर७
कडेला म्हणजे बसच्या लेनमध्ये आधी रिक्षा, मग पाणीपुरीची गाडी, मग दवाखान्यासमोर लावलेल्या स्कूटर, मग सोसायटीचं गेट. बस पाचवी.

मीनल_शीटवाली
ज्युरीच्या शीटवर फॉन्ट १४ च्या खाली नको आणि लेन लाल रंगात भर, लांबून दिसते. मी मागच्या वर्षी फिकट राखाडी भरली होती, एक्स्टर्नलने विचारलं रस्ता कुठाय.

वाळू_खडी
मीनलताई, आधी लेन ठरू दे.
अर्धवट, पीक अवरला एका दिशेने किती प्रवासी धरलेस?

अर्धवट_आराखडा
३,०००. सर्व्हे पार्टनरने केलाय.

वाळू_खडी
एका बसमध्ये ७५ धरले तर ताशी ४०, म्हणजे दर दीड मिनिटाला एक बस. बस थांबायला २५ सेकंद आणि निघून जागा मोकळी व्हायला दहा धर, म्हणजे एका थांब्यावर कागदावर तासाला शंभर. पण बस कधी अंतर राखून येत नाहीत, दोन-तीन जोडीनेच येतात. म्हणून चाळीसच्या वर एकाच थांब्याच्या भरवशावर राहू नये. फलाटाला दोन बस उभ्या राहतील इतकी लांबी दे, आणि तो सिग्नलपासून चाळीसेक मीटर मागे ने. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद पट्ट्यात स्टॉप सिग्नलच्या तोंडाशी होते, बसच्या मागे बस अडकायची. २०१५-१६ मध्ये तो पट्टाच काढला.

हडपसरचा_हरी
बघा! काढलाच ना! इंदूरचाही २०२५ ला काढायला घेतला.

वाळू_खडी
हरीभाऊ, काढला म्हणून का काढला ते बघायचं. दिल्लीत चौकात उजवं वळण ठेवलं, सिग्नलचे टप्पे वाढले, बसला आणि गाड्यांना दोघांनाही लाल दिवा लांबला. द्वारकेला चारही बाजूंना उजवं वळण दिलंस तर तुझीही तीच गत. उजवं वळण बंद कर, पुढे जाऊन यू-टर्न दे.

पंचवटीकर७
द्वारकेला उजवं वळण बंद? नाशिककर तुला त्र्यंबकेश्वरला सोडून येतील.

अर्धवट_आराखडा
गूगलवर शालिमारजवळ झाडांमुळे नीट दिसत नाहीये. २२ पण असेल, २६ पण. सारडा सर्कलपासून पुढचं माहीत नाही.

वाळू_खडी
२२ असेल तर तिथे वेगळी लेन विसर. सारडा सर्कल ते सीबीएस बस सगळ्यांच्या गर्दीतून ने, पुढे त्र्यंबक रोडला परत लेन दे. गावातला एक किलोमीटर अडला म्हणून बाकीचे दहा सोडायचे नसतात.

साबरमती_सासुरवाशीण
उद्या पहाटे सहाला जा, दुकानं उघडायच्या आत. आणि टेप धरायला पार्टनरला घेऊन जा, एकट्याने टेप मध्येच लोंबकळते.

अर्धवट_आराखडा
पार्टनर बोलत नाहीये. स्टेशन मध्ये की कडेला यावरूनच. ३० मीटरची टेप कोणाकडे आहे का, नाशिकरोड भागात?

पंचवटीकर७
माझ्याकडे १५ ची आहे. दोनदा लाव. बिटको चौकात साडेपाचला ये, चहा तू पाज.