भेगा पडलेलं घर घ्यावं का? तुमचे अनुभव लिहा

तापीकाठची:
काल पुतण्याने व्हॉट्सॲपवर फोटो टाकले. जळगावला एक रो हाऊस बघून राहिलाय, भाव बरा आहे, पण हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेलीय. म्हणे काकू, घ्यावं का? आणि मला भुसावळचं घर आठवलं. वडील रेल्वेत, रिटायरमेंट जवळ आलेली, क्वार्टर सोडावं लागणार म्हणून शोधाशोध चालू होती. अशाच भेगेचं एक घर आईला आवडलेलं. वडिलांनी ओळखीतल्या ओव्हरसियर काकांना आणलं तर ते आत यायलाच तयार नाहीत, ऐन वैशाखात भर दुपारी घराच्या मागे जाऊन उभे. उन्हासाठी आणलेली छत्री त्यांनी जमिनीतल्या भेगेत घातली, निम्मी आत गेली. म्हणाले, भिंतीचं राहू द्या, आधी ही काळी माती बघा, पावसाळ्यात फुगेल, उन्हाळ्यात आकसेल आणि घराला सोबत नाचवेल. मोरीचं पाणी भिंतीलगतच मुरत होतं, शेजारी मोठं निंबाचं झाड. वडिलांनी भाव पाडून घेतलंच ते घर, मग चारी बाजूंनी फरशी करून पाणी लांब काढलं. भेग मे महिन्यात उघडते, श्रावणापर्यंत बरीचशी मिटते, भाऊ अजून तिथेच राहतो. पण त्या जोरावर पुतण्याला घे म्हणू का? तुमचं काय झालं ते लिहा.

साईटवरून:
ताई, भेग आहे का नाही यापेक्षा ती चालू आहे का थांबलीय ते बघायचं. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, बाजूला तारीख लिहा, पट्टी तडकली म्हणजे भिंत हलतेय. पण हे एक उन्हाळा एक पावसाळा बघायला पाहिजे आणि विकणारा तेवढं थांबत नाही 😀 प्लास्टरवरच्या बारीक जाळीला घाबरू नका. विटा फोडून आरपार गेलेली तिरकी भेग, एका टोकाला रुंद दुसऱ्या टोकाला बारीक, तर पाया एका बाजूने बसलाय नाहीतर उचललाय. काळी माती काढून मुरूम भरलाय का, किती खोल गेले, प्लिंथ बीम, म्हणजे जोत्यावर भिंतींखालून फिरवलेला काँक्रीटचा पट्टा, आहे का हे विचारा. अशा मातीसाठी अंडररीम पाईल असतात, जमिनीत साडेतीन-चार मीटर खाली नेलेले, टोकाला फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेने त्यावर काम केलंय, पण रो हाऊसवाला कशाला करतो. आणि स्लॅबखाली गंजलेली सळई दिसली तर भेग बाजूला ठेवा, आधी स्लॅब. मीटिंग आहे, नंतर लिहितो.

गल्लीतला धुळेकर:
आम्ही जुनं धाब्याचं, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेलं घर घेतलं, सागवानी खांब बघून भुललो सगळे. उन्हाळ्यात काय गार म्हणून सांगू, कूलर लागत नाही. वडिलांनी मात्र व्यवहाराआधी पेचकस घेऊन प्रत्येक सरा, म्हणजे छताचं आडवं लाकूड, भिंतीत जातो तिथे टोचून बघितला होता. मधे टणक आणि टोकाला भुसा, उधई तिथूनच लागते. दोन सरे बदलायचे पैसे मालकाकडून वळते करून घेतले. त्रास झाला तो वेगळाच, एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, त्याने त्याचं पाडून बंगला बांधायला काढला आणि आमची मातीची भिंत पावसात उघडी. तेव्हा भिंत कोणाची ते उताऱ्यावर आधी बघा.

शेवभाजी:
भो, आमना घरले इतल्या भेगा शेतस का पाल या खोलीमातून त्या खोलीमा भिंतमातूनच जास, दरवाजानं कामच नही 😂

तापीकाठची:
😂😂 शेवभाजी, पुतण्याला दाखवते हे

शिरपूरची सून:
नवा रंग दिसला की मी तर आधी संशय घेते. आम्ही बघितलेल्या घरात फक्त एकाच बेडरूमच्या छताला पीओपी, बाकी घराला नाही, का हो म्हटलं तर शोभेसाठी. सासूबाई कपाट उघडून वास घेत उभ्या, म्हणे इथे ओल आहे, चला. वर संडासची पाईप होती म्हणे, नंतर कळलं. थांबा कुकर झाला

गिरणाकाठ:
मी चाळीसगावचा. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर-डोंगरीचं पाणी गावात शिरलं ते सगळ्यांना माहितीच आहे. नंतर एक घर स्वस्तात मिळत होतं, भेग नाही, ओल नाही, पण सगळे स्विचबोर्ड माझ्या छातीच्या वर. मालक म्हणे मुलं लहान होती म्हणून वर घेतले. मुलं कॉलेजला होती त्यांची. नाही घेतलं. नदीजवळ असेल तर नकाशात पुराची निळी रेषा, लाल रेषा कुठून जाते ते बघाच, भिंतीला औषध आहे नदीला नाही.

गल्लीतला धुळेकर:
स्विचबोर्डचं भारी पकडलं भाऊ. पांझराकाठी पण बघायला पाहिजे हे.

हिशोबनीस:
कर्ज काढणार असाल तर बँकेचा व्हॅल्युअर येतो म्हणून निर्धास्त राहू नका, तो बँकेसाठी येतो, बऱ्याचदा फोटो काढून पंधरा मिनिटांत जातो. आपला स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा न्या आणि इसार देण्याआधी न्या. माझ्या मेव्हण्याने इसार आधी दिला, मग इंजिनिअर नको म्हणाला, पैसे अजून अडकलेत. वर मजला चढवायचा विचार असेल तर तेही आधीच विचारा, भिंतींवर उभं घर आहे की कॉलमवर त्यावर सगळं आहे.

शेवभाजी:
वर मजला नको, धाब्यावर बसून भरीत खायचं. आसोद्याची वांगी आली का कोणाकडे?

शिरपूरची सून:
आली, पण भाव ऐकून परत ठेवली

तापीकाठची:
रविवारी इंजिनिअर घेऊन जातोय पुतण्या. भाव अजून पाडता येतो म्हणतो, मी म्हटलं आधी बाहेरून फिरून ये, मोरीचं पाणी कुठे जातं बघ. साईटवरून, एका घराचे ते लोक साधारण किती घेतात हो?

हिशोबनीस:
ते मीटिंगमध्येच आहेत अजून 😄

गिरणाकाठ:
आणि बोअरचं पाणी चाखून बघायला सांगा, खारं निघालं तर बांधकामही त्याच पाण्यात झालेलं असू शकतं, मग आतली सळई गंजते