वारशाने आलेले जुने शाईचे पेन दुरुस्त करावे की तसेच ठेवावे? आपले अनुभव सांगा

माझ्या आजोबांचे शाईचे पेन गेल्या महिन्यात माझ्या हाती आले. आजोबा वाई तालुक्यातील एका गावी शाळामास्तर होते आणि त्यांच्या नैरोबीला असलेल्या धाकट्या भावाने हे शेफर पेन गावी आल्यावर त्यांना दिले, एवढेच घरात सांगितले जाते. हिरव्या पट्ट्यांचे सेल्युलॉइडचे, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचे अंग, टोपणावर क्लिपच्या वर पांढरा ठिपका, सोन्याची निब आणि अंगाच्या मधोमध शाई ओढण्याचा खटका. तो खटका नखाने उचलायला गेलो तर जागचा हलत नाही, आणि पेन कानाशी धरून हलवले की आत काहीतरी खुळखुळते. टोपणाच्या टोकाला दातांचे बारीक ठसे आहेत; वह्या तपासताना पेन दातांत धरायची त्यांना सवय होती, असे आत्या सांगते.

आत्याला वाटते की पेनाला हात लावू नये. वडिलांना वाटते की पेन लिहिण्यासाठी असते आणि ते बंद पडलेले पाहून आजोबांनाच सर्वांत जास्त वाईट वाटले असते. मला दोन्ही म्हणणी पटतात, म्हणून निर्णय होत नाही. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांनी नेमके काय केले, काय गमावले आणि आज तोच निर्णय पुन्हा घ्याल का, हे कृपया सविस्तर लिहावे.

ठाण्याहून

आधी एक विनंती: तो खटका जोर लावून मुळीच उचलू नका. या पेनांत आत एक रबरी पिशवी असते. खटका उचलला की त्याखालची पत्र्याची पट्टी पिशवीला दाबते, आतली हवा बाहेर जाते आणि खटका सोडला की पिशवी फुगताना शाई ओढून घेते. वर्षानुवर्षे वापर नसला की ही पिशवी दगडासारखी कडक होते; आपण ऐकलेली खुळखुळ बहुधा तिच्याच तुकड्यांची आहे. अशा वेळी जोर लावला तर खटका तुटतो किंवा अंगाला चीर जाते.

माझ्या वडिलांच्या पेनाची पिशवी मी स्वतः बदलली, पण त्याआधी दोन निकामी पेनांवर हात बसवून घेतला. निबेकडचा भाग अंगात घट्ट बसवलेला असतो. तो सुटण्यासाठी कोरडी, सौम्य ऊब द्यावी लागते, आणि सेल्युलॉइड झटकन पेट घेते म्हणून मेणबत्ती किंवा गॅस जवळही आणू नये. केस वाळवायचे यंत्र लांब धरून, मधूनमधून थांबत, मी जवळजवळ पाऊण तास घालवला. आतून काळे, चिवट तुकडे निघाले. नव्या पिशव्या क्रमांकाने मिळतात आणि तो क्रमांक म्हणजे इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजलेली जाडी. १६ क्रमांकाची पिशवी पाव इंच जाड. ती लांबीला बेताने कापायची, लाखेच्या द्रावणाने चिकटवायची आणि वरून शुद्ध टाल्क लावायची. लाखेचा जोड ऊब दिली की पुन्हा सुटतो, त्यामुळे उद्या कोणाला वाटले तर हे सारे काढून टाकता येते. याच कारणाने मी ही दुरुस्ती निःशंकपणे केली.

कोल्हापूरहून

माझा अनुभव दुःखाचा आहे. वडील वकील होते आणि चाळीस वर्षे एकाच पेनाने लिहीत. त्यांच्यामागे ते पेन अडखळू लागले म्हणून मी एका दुरुस्तीवाल्याकडे दिले आणि ‘एकदम नव्यासारखे करून द्या’ एवढेच सांगितले. त्यांनी माझे म्हणणे शब्दशः पाळले. अंगाला चाकावर धरून चकाकी आणली, त्यात वडिलांचे कोरलेले नाव इतके पुसट झाले की आता तिरप्या उजेडातच दिसते. निबही बदलली. जुन्या निबेचे टोक वडिलांच्या हाताच्या कोनाप्रमाणे एका बाजूने घासले गेले होते. माझ्या हातात ती खरखरत असे, पण ती खरखर म्हणजेच त्यांचा हात होता, हे मला निब गेल्यावर उमगले. ती परत मागायला गेलो तेव्हा मोडीत गेली होती. कोणाकडेही पेन देताना काय करायचे याबरोबरच काय करायचे नाही हेही कागदावर लिहून द्या आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्या.

नागपूरहून

सासऱ्यांचे पार्कर ५१ आमच्याकडे आले. हे १९४८ नंतरच्या, दाबून शाई भरायच्या प्रकारातले, आणि यातली पिशवी रबराची नसून प्लास्टिकची असल्याने ती बहुधा आजही शाबूत असते. मला दुरुस्तीचा प्रश्नच पडायला नको होता, पण ते मला तेव्हा माहीत नव्हते. पेन निबेच्या बाजूने साध्या थंड पाण्यात उभे ठेवले. पहिल्या दिवशी पाणी काळेनिळे झाले, तिसऱ्या दिवशी जांभळट, सहाव्या दिवशी स्वच्छ. सातव्या दिवशी पेन लिहू लागले. स्पिरिटने मात्र पुसू नका. त्या अंगाच्या ॲक्रिलिकला त्याने बारीक भेगा पडतात.

इंदूरहून

आमच्या घरचे पेन देशी, एबोनाइटचे, ड्रॉपरने थेट अंगात शाई भरायचे. आईच्या वडिलांनी ते वापरले, मग मामाने. आत पिशवी नाही, खटका नाही. फक्त आटे झिजल्यामुळे जोडातून शाई पाझरून बोटे निळी होत. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळसा हात दिला आणि गळती थांबली. तिथेच थांबायला हवे होते. वाळलेली शाई निघावी म्हणून मी ते गरम पाण्यात बुडवले. गंधकाचा उग्र वास आला आणि काळेभोर अंग बाहेर काढले तेव्हा शेवाळी तपकिरी झालेले होते. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. त्याला गरम पाणी आणि ऊन दोन्ही सोसत नाहीत. घासून रंग परत आणता येतो असे सांगतात, पण अंगावरचे बारीक नक्षीकाम त्यात जाईल. मी ते तपकिरीच ठेवले आहे आणि रोज त्यानेच लिहिते.

दादरहून

मी दुरुस्ती केली नाही. आईचे पेन होते; बँकेतल्या पहिल्या पगारातून तिने ते घेतले होते. अंगाला उभी चीर गेलेली, निब वाकलेली, निबेखालची शाई पुरवणारी जीभ तुटलेली. तशाच दुसऱ्या पेनाचे भाग घालून ते चालू होईल असे मला सांगण्यात आले. हिशेब केला तेव्हा लक्षात आले की शेवटी आईचे असे केवळ टोपण उरणार होते. ते मला नको होते. पेन तिच्या चष्म्याच्या डबीत आहे. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ सुटते, म्हणून इतर पेनांपासून ते वेगळे ठेवते आणि डबी अधूनमधून उघडी ठेवते.

पुन्हा मी

आपणा सर्वांचे अनुभव आत्याला वाचून दाखवले. ठाण्याचे ‘काढून टाकता येते’ हे वाक्य तिने दोनदा वाचायला लावले. त्यानंतर आम्ही ठरवले की फक्त पिशवी बदलायची. एका जाणत्या कारागिराकडे पेन दिले, सोबत चिठ्ठी दिली: चकाकी नको, दातांचे ठसे तसेच राहावेत, निबेला हात लावू नये, निघालेले तुकडे परत द्यावेत. ते तुकडे आता काडेपेटीत जपून ठेवले आहेत.

काल धुता येणारी निळी शाई भरली आणि पेन आधी आत्याच्या हाती दिले. निब कागदाला खरवडू लागली, रेघ तुटू लागली. तिने पेन बोटांत थोडे डावीकडे फिरवले, आणखी थोडे फिरवले, आणि एका ठिकाणी निब अलगद कागदावर बसली. आजोबा पेन असे तिरके धरत, हे तिला त्या क्षणी आठवले.