शॉपिंग कार्टवर पेटंटची नोटीस, इंदुरातलं अजून कोण आहे?

महेश्वरीवाली: माझी साड्यांची छोटी साइट, अमेरिकेतही पार्सलं जातात, आता तिकडच्या वकिलाची नोटीस आलीय की साइटवरचं कार्ट, म्हणजे निवडलेला माल जमा करायची सोय, आमचं पेटंट आहे, पैसे भरा. राजवाड्याजवळच्या दोघांनाही तोच मजकूर, फक्त दुकानाचं नाव वेगळं.

सराफा_कट्टा: ताई, घाबरून पैसे देऊ नका हो! आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसत्या सॉफ्टवेअरला पेटंट नाही, पण माल तिकडे विकता म्हणून तिकडचाही कायदा बघावा लागेल. न्यूएग ही अमेरिकेतली ऑनलाइन विक्री करणारी कंपनी अशीच कार्टवरून कोर्टात लढली आणि २०१३ मध्ये अपिलात जिंकली.

बडोदेकर: एकेकट्यालाच गाठतात हे लोक. तिघांच्या नोटिसा एकत्र करा, पेटंट नंबर बघा, त्याच्या अर्जाआधीची तशीच साइट सापडली तर ती कल्पना नवी नव्हती याचा मोठा पुरावा. वर्गणी काढून वकील एकच करा, मीही देतो.

महेश्वरीवाली: दोघांशी आजच बोलते.