थंडी सरताना लहान मुलांना कसं सांभाळता? (बेळगाव आणि आसपास)

वडगावची_आई
नमस्कार. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. हवा फिरल्यापासून घरात गोंधळ आहे. सकाळी थोरलीला रिक्षात बसवताना स्वेटर, कानटोपी सगळं लागतं आणि दुपारी ती घामाघूम होऊन येते, स्वेटर दप्तरात कोंबलेलं. धाकटा रात्री पांघरूण लाथाडतो आणि पहाटे त्याचे हातपाय गार लागतात. दोघांचीही नाकं वाहतायत. सासूबाई म्हणतात, शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाईल, तोवर टोपरं काढायचं नाही. मिस्टरांना आत्ताच पंखा हवाय. तुम्ही कपड्यांचं कसं जमवता? खोकल्याला घरी काय देता? आणि रविवारी मुलांना न्यायला जवळची जागा सुचवा. धाकटा गाडीत फार वेळ बसत नाही. मॉल नको, थोरलीला मातीत खेळायचंय.

टिळकवाडी_बाबा
एकच जाड स्वेटर घालू नका. आत सुती बनियन, वर लांब बाह्यांचा पातळ शर्ट आणि त्यावर पुढून चेन असलेलं बिनबाह्यांचं स्वेटर. डोक्यावरून काढायचं स्वेटर या वयाच्या मुलांना एकट्यानं निघत नाही, मग बाईंना सांगायला लाजतात आणि तसेच घामात बसून राहतात. चेन मात्र आमचा मुलगा स्वतः ओढतो. आपलं गाव साडेसातशे मीटर उंचीवर, ऊन पडलं की चटका आणि मावळलं की गारवा, त्यामुळे होळीपर्यंत हे असंच चालणार.

बाळाचे हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका. मानेमागे किंवा पाठीवर हात लावून बघा. तिथं ऊब असेल तर बाळाला थंडी वाजत नाहीये. घाम लागला तर एक कपडा कमी करा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपेत सैल, जड पांघरूण घालू नये. ते तोंडावर येऊ शकतं. त्यापेक्षा पायमोज्यांसकट अंगभर कपडा बरा. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर टोपरं दिवसा बाहेर नेताना घाला, झोपताना काढा.

परिचारिका_निपाणी
बालरुग्ण विभागात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोकल्याचं औषध दुकानातून मनानं आणू नका. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सूचना काढली आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत. थोरलीचं उरलेलं सिरप धाकट्याला थोडंसं देणं तर अजिबात नको. धाकट्याला वर्ष होईपर्यंत मधही नको, चाटणात मिसळूनसुद्धा नाही. नाक चोंदलं असेल तर सलाईनचे थेंब घाला, अंगावरचं दूध वरचेवर पाजा. थोरलीला कोमट पाणी, आणि झोपताना चमचाभर मध चालेल.

खरं लक्ष श्वासावर ठेवा. बाळ शांत असताना पोटावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर रात्र असली तरी थांबू नका. हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, आजीआजोबांना आधी. दुपारी बाळ त्यांच्याकडेच असतं.

या दिवसांत कांजिण्याही निघतात. त्याची लस सरकारी यादीत नाही, खासगीत पंधराव्या महिन्यापासून देतात. थोरलीची राहिली असेल तर विचारून घ्या. धाकट्याचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतरचा, तो झालाय ना? कार्ड बघा.

खानापूरकर
ताई, मातीत खेळायचं म्हणतीय तर शिवारात न्या की! वडगावात राहता, येळ्ळूर रस्त्याला लागलं की झालं. बासमतीची भातं निघाल्यावर त्याच काळ्या मातीत मसूर, वाटाणा, हरभरा असतोय. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून सकाळी जावा, ऊन चढायच्या आत परत. हरभरा अजून हिरवा असला तर हावळा करा. डहाळे जाळावर धरायचे, घाटे काळे पडून तडतडले की राखेतनं वेचून तळहातावर चोळायचे आणि फुंकर मारायची. तोंड काळं झालेली पोरं बघण्यासारखी असतात.

तिथनंच राजहंसगड जवळ आहे, वरपर्यंत गाडी जाते. देवरवाडीचा वैजनाथही चांगला, झाडी आहे, फक्त शिवरात्रीला गर्दी. शिवरात्रीला कपिलेश्वरालाबी बाळाला घेऊन रांगेत उभारू नका.

जांबोटी, चोर्ला भागात जाणार असाल तर एक सांगतो. जानेवारी ते मे गोचिडांचे दिवस. तिकडं दोडामार्गाच्या बाजूला गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेत. वाळक्या पाल्यावर पोरांना लोळू देऊ नका, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, कानामागं, काखेत बघा.

परिचारिका_निपाणी
हावळ्याचा अख्खा दाणा धाकट्याला देऊ नका. श्वासनलिकेत अडकतो. थोरलीला खाली बसवून, एकेक दाणा, पळताना नाही. शेंगदाण्यालाही हेच.

शहापूरची_आज्जी
तेल लावा, पण नाकाकानात घालू नका. पूर्वी आम्ही घालत होतो, आता डॉक्टर नको म्हणतात ते बरोबरच आहे. अंघोळ सकाळी सातला कशाला? दहा वाजता ऊन अंगणात आलं की घाला. थोरली शाळेतून आली की नाचणीचं आंबील द्या, ताक कोमट आंबिलात घालायचं, फ्रिजमधलं नको. दुपारच्या उन्हातून आलेल्या पोराला लगेच गार पाणी देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

वडगावची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड बघितलं, गोवराचा डोस झालाय. श्वास मोजून बघितले, ३८ भरले. सासूबाईंनीही शेजारी बसून मोजले. या रविवारी येळ्ळूरच्या शिवारात जातोय, नणंदेच्या सासरच्यांचा हरभरा आहे तिथं. अजून एक, रंगाचं काय करता? थोरली आत्तापासून पिचकारी मागतेय.

शहापूरची_आज्जी
गावात धुळवडीला रंग, आमच्या शहापुरात रंगपंचमीला. तिला दोन्हीकडे खेळायला मिळेल! पळसाची फुलं आणून रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, सकाळी जरा उकळून गाळून घ्या, सुंदर केशरी रंग येतो. आधी अंगाला खोबरेल लावा. धाकट्याला कपाळावर बोट टेकवण्यापुरताच, डोळ्यांपासून लांब.

खानापूरकर
पळस आमच्याकडं फुलायला लागलाय. खाली पडलेली ताजी फुलंच वेचा ताई, फांदी तोडू नका.